समोर दिसतोय तो प्रबळगड

कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला स्कूटर काढणारा माणूस माथेरानला गेला की दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालतो. चालतो ते चालतो, त्यासाठी हॉटेलचं भाडं भरतो, नवे बूट घेतो आणि परत आल्यावर सोसायटीभर सांगत सुटतो. मध्यमवर्गाला चालायला लावण्याचे प्रयत्न डॉक्टरांनी केले, बायकांनी केले, मनगटावर पावलं मोजणाऱ्या घड्याळांनी केले. यश आलं ते एका बंदीला. माथेरानात मोटारीला प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची, प्रवेशकराची पावती घ्यायची आणि तिथून गावापर्यंतच्या अडीच किलोमीटरसाठी मिनी ट्रेन, घोडा किंवा स्वतःचे पाय यांच्यावर हवाला ठेवायचा. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. त्यांच्याकडे नंतर येऊ. मोटारींमध्ये सूट रुग्णवाहिकेला. म्हणजे मोटारीत बसायचंच असेल तर आधी आजारी पडावं लागतं.

गावात पोचलं की चालणं संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांना पॉइंट हा प्रकार ठाऊक नसतो. माथेरानचा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच, पण डोक्यावर बऱ्यापैकी सपाट. भोवती काळ्या कातळाचे उभे कडे, वर जांभा, लाल माती आणि त्यावर दाट रान. एकदा वर आलं की छाती फुटेल असे चढ नाहीत. सावलीतून लाल वाटा जातात आणि कुठलीही वाट धरून नाकासमोर चालत राहिलं की कधी ना कधी जमीन संपते. जिथे संपते तिथे एक कठडा आणि एक पाटी असते. झाला पॉइंट. असे पॉइंट ३८ आहेत हे माहितीपत्रकं एकमुखाने सांगतात. ३८ च्या ३८ पाहिलेला माणूस सहसा भेटत नाही. भेटलाच तर तो घोडेवाला असतो.

माथेरानचा शोध १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी लावला, असं इतिहास सांगतो. साहेबांच्या नावातच पॉइंट होता, हा निव्वळ योगायोग. त्यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. मे महिन्यातली चौकची दुपार काय असते, हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने एसटीच्या खिडकीत बसून गेलेल्यांना सांगायला नको. साहेबांनी मान वर केली, हिरवा माथा दिसला. मग चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन ते वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागच्या बाजूने उतरले. पाटलाला वाट माहीत होती. ठाकर, कातकरी, धनगर तर या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. तरीही शोध साहेबांचाच, कारण खाली उतरल्यावर पाटील जेवून झोपला आणि साहेबांनी सरकारदरबारी कळवलं. थोड्याच वर्षांत मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले, बंगल्यांच्या जागा आखल्या गेल्या, आणि मुंबईच्या उकाड्यात पोटापाण्यासाठी आलेला गोरा माणूस तोच उकाडा चुकवायला इथे येऊ लागला.

मॅलेट घराण्याला कड्याच्या टोकाशी जाऊन उभं राहायची आवडच असावी. ह्यूचे वडील सर चार्ल्स मॅलेट हे पेशवे दरबारातले इंग्रजांचे रेसिडेंट. आणि ज्याच्या नावाने महाबळेश्वरचा आर्थर सीट ओळखला जातो तो आर्थर मॅलेट म्हणजे ह्यूचा भाऊ. थोडक्यात, मराठी कुटुंबांच्या मे महिन्याच्या सुट्या पुढची पावणेदोनशे वर्षं कुठे जायच्या, हे एकाच घरातल्या दोन भावांनी ठरवून टाकलं.

साहेब गेले, नावं राहिली. अलेक्झांडर, लुईझा, किंग जॉर्ज, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन. शहरांतल्या रस्त्यांची आणि स्टेशनांची नावं बदलली, त्यासाठी मोर्चे निघाले. पण लुईझाबाईंच्या वाटेला कोणी गेलं नाही. पॉर्क्युपाइनचं तेवढं लोकांनी सोयीचं सनसेट करून टाकलं, कारण तिथे जाऊन साळिंदर कोणाला दिसलं नव्हतं आणि सूर्य रोज मावळत होता. शार्लट लेकच्या काठावर ग्रामदैवत पिसारनाथाचं देऊळ आहे. देव आणि मडम इतकी वर्षं एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदताहेत. माणसं दोघांकडेही जातात, चपला मात्र एकाच ठिकाणी काढतात.

पॉइंटची खरी सुरुवात रस्त्यावर नाही, घोड्यापाशी होते.

‘काका, घोडा? सात पॉइंट, बारा पॉइंट, सगळं दाखवून आणतो.’

‘आम्ही चालणार आहोत.’

‘तुम्ही चाला काका. वहिनी बसतील.’

वहिनींना अजून कोणी विचारलेलं नसतं. पण त्या क्षणी काकांचा निश्चय आणि वहिनींचा गुडघा एकाच वेळी बोलू लागतात. दर पाटीवर लिहिलेले आहेत हे दोन्ही पक्षांना माहीत असतं, तरीही घासाघीस होते, कारण घासाघीस न करता माणूस बसला तर घोड्यालाही संशय यायचा. शेवटी वहिनी घोड्यावर, काका पायी आणि घोडेवाला दोघांच्या मधे, अशी वरात निघते. इतकी वर्षं संसार केल्यावर आपली बायको आपल्यापेक्षा चार फूट उंचावरून आपल्याशी बोलते आहे, हा अनुभव काकांना नवा असतो. वहिनींना तो फारसा नवा वाटत नाही.

घोडा अनुभवी. कुठल्या वळणावर फोटो काढतात, कुठल्या टपरीवर लिंबूसरबत पितात, कुठे मुलं रडतात, हे त्याला पाठ झालेलं असतं आणि तो तिथे तिथे आपण होऊन थांबतो. एकच खोड वाईट. पंधरा फूट रुंद वाट असली तरी तो दरीच्या बाजूच्या दीड फुटावरूनच चालणार. वर बसलेल्याला वाटेतलं निसर्गसौंदर्य अजिबात दिसत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाकडे लागलेलं असतं.

पायी जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ‘किती राहिलं?’ हा प्रश्न समोरून परत येणाऱ्याला विचारायचा आणि त्याने ‘हे काय, पाच मिनिटं’ म्हणायचं, असा या रानाचा रिवाज आहे. पॅनोरमा पॉइंट डोंगराच्या उत्तर टोकाला, गावापासून पाचेक किलोमीटर. बाजारपेठेतून निघाल्यावर पहिल्या वळणावर विचारलं तरी पाच मिनिटं, अर्ध्यात विचारलं तरी पाच मिनिटं, आणि पाटी दिसू लागल्यावर विचारलं तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘अजून बरंच आहे, पण जा, छान आहे.’ यात कोणाचा वाईट हेतू नसतो. जो स्वतः फसून पोचला त्याला दुसऱ्याने अर्ध्यातून परत फिरावं असं वाटत नाही. परतीच्या वाटेवर मग आपणही तेच करतो. घामाने डबडबलेल्या, कडेवर मूल आणि खांद्यावर तीन पिशव्या असलेल्या माणसाकडे पाहून आपल्या तोंडून सहज निघून जातं, ‘आलंच की!’

एको पॉइंटवर शास्त्रीय प्रयोग होतो. समोर दरीपलीकडे कातळाची भिंत आहे, आवाज तिच्यावर आपटून परत येतो, ही शाळेत शिकलेली गोष्ट पडताळून पाहायला माणसं येतात. पहिला माणूस लाजत लाजत ‘ओऽऽ’ करतो. दुसरा स्वतःचं नाव घेतो. तिसरा कठड्याला धरून, पोटाच्या तळापासून ‘जय भवानी!’ अशी आरोळी ठोकतो. आणि इथे भौतिकशास्त्र संपतं. कारण त्या हाकेला ओ न देता राहणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. डावीकडच्या डोंबिवलीच्या ग्रुपमधून, उजवीकडच्या साताऱ्याच्या सहलीतून, मागच्या भजीच्या टपरीवरून एकदम ‘जय शिवाजी!’ उसळतं. डोंगराला बोलायची संधीच मिळत नाही. प्रतिध्वनी येतो की नाही हा प्रश्न तिथे वर्षानुवर्षं अनिर्णित आहे.

पण पॉइंट या संस्थेचा कस लागतो तो पावसाळ्यात.

जुलैमध्ये माथेरान ढगात असतं. ढगांच्या खाली नव्हे, वर नव्हे, ऐन आत. नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, अमन लॉजपासूनची शटल तेवढी चालू. तरीही शनिवार-रविवारी माणसं येतात, रेनकोट घालून चिखल तुडवत लुईझा पॉइंटला जातात आणि कठड्याला ओळीने उभी राहून पांढऱ्याकडे बघतात. समोर पांढरं, खाली पांढरं, वर किंचित कमी पांढरं. अशा वेळी प्रत्येक ग्रुपमधला जाणकार पुढे सरसावतो. प्रत्येक ग्रुपमध्ये तो एक असतोच. खिशात शिट्टी आणि डोक्यावर कानटोपी, ही त्याची खूण. तो त्या पांढऱ्यात बोट रोवून सांगतो, ‘समोर दिसतोय तो प्रबळगड. त्याला लागून सुळका, तो कलावंतीण. डावीकडे इर्शाळ.’ आणि आश्चर्य म्हणजे सगळे माना डोलावतात. एखादी मावशी तर म्हणते, ‘हो, दिसला मला.’

जाणकाराची माहिती खोटी नसते. प्रबळगड खरोखरच तिथे आहे. त्याचं जुनं नाव मुरंजन. निजामशाही तगवण्याच्या धडपडीत १६३६ च्या सुमारास शहाजीराजे काही काळ तिथे होते. पुरंदरच्या तहात जे किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांतही त्याचं नाव आहे. निरभ्र दिवशी या कठड्यावरून तो असा अंगावर येतो की माणूस नकळत एक पाऊल मागे सरतो. पण निरभ्र दिवशी जाणकाराची पंचाईत होते. डिसेंबरात सगळंच दिसतं, आणि सगळं दिसलं की लोक प्रश्न विचारतात. मग चंदेरी कुठला, म्हैसमाळ कुठला, पेबचा किल्ला कुठला, आणि त्या पलीकडचा बारीक दिसणारा कुठला, अशी तोंडी परीक्षा सुरू होते. तो बारीक दिसणारा बहुतेक वेळा रायगड ठरतो. माथेरानवरून रायगड दाखवणारा माणूस दर ग्रुपमागे एक निघतोच, आणि त्याला खोडून काढणं म्हणजे राष्ट्रद्रोह. ढगात असलं काही होत नाही. ढगात जाणकार कधीही चुकत नाही.

पादत्राणांचा विषय टाळता येत नाही. माथेरानच्या बाजारात चामड्याच्या चपला चांगल्या मिळतात, ही कीर्ती जुनी आहे. चिक्कीच्या खालोखाल खरेदी होते ती चपलांचीच. आता शहाणा माणूस चपला परतताना घेईल. पण लाल धुळीने पांढऱ्या बुटांची भगवी दशा झालेली पाहून माणसाचा धीर पहिल्याच दिवशी सुटतो. तो नवी कोरी कोल्हापुरी चढवतो आणि तीच घालून वन ट्री हिलला निघतो. पॉइंटवर पोचेपर्यंत त्याच्या मनातून निसर्ग पुसला गेलेला असतो. समोर दरी, मोरबे धरणाचं चमकणारं पाणी, आणि हा कठड्यावर बसून अंगठ्यालगतचा फोड न्याहाळतोय. त्या टेकडीला वन ट्री हिल का म्हणतात, तिथे नेमकं एकच झाड आहे का, असे प्रश्न इतर लोक विचारत असतात. त्याला फक्त एवढंच हवं असतं की त्या झाडाखाली एखादा घोडा उभा असावा.

माकडांनी या सगळ्याचा अभ्यास केलेला आहे. कोण पिशवी घट्ट धरतो, कोण फोटो काढताना भेळेचा कागद कठड्यावर ठेवतो, कुठल्या बाटलीत पाणी आणि कुठल्या बाटलीत सरबत, हे त्यांना लांबून कळतं. माणसं दृश्याकडे पाहत असतात तेव्हा ती माणसांकडे पाहत असतात, आणि हाती जास्त कोणाच्या लागतं ते सांगायला नको. चूक त्यांची नाही. आधीच्या माणसाने हौसेने वेफर्स भरवले म्हणून पुढच्याची पर्स जाते.

याच वाटांवर आणखी एक रहदारी चालते, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. डोंगराच्या कुशीत आणि पायथ्याशी आदिवासी वाड्या आहेत. तिथली माणसं पहाटे निघून, कुठे शिडीच्या वाटेने, कुठे नुसत्या कातळातल्या खोबणींतून वर येतात. कोणी भाजी आणतं, कोणी दूध, कोणी हॉटेलात कामाला असतं, आणि संध्याकाळी ती तशीच उतरून जातात. पर्यटक जिथे ‘बाप रे, केवढी खोल!’ म्हणून मागे सरकतो, त्या कड्याच्या पोटातून एक बाई डोक्यावर हारा घेऊन वर येते, घोटभर पाणीसुद्धा न पिता बाजाराच्या दिशेने चालू लागते. तिला कोणी अंतर विचारलं तर तीही पाच मिनिटंच सांगते. फरक इतकाच की तिचं खरं असतं.

वाडीतल्या या माणसांसाठी लढलेला एक माणूस याच गावात जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, आणि १९४२ च्या लढ्यात इंग्रज सरकारचे विजेचे मनोरे पाडत रानोमाळ फिरला. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने त्याचा शेवट झाला. ३८ पैकी किती पॉइंट साहेबांच्या नावाचे आणि किती इथल्या माणसांचे, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आता खरं सांगायचं तर, माथेरानचे पॉइंट थोडे एकसारखेच आहेत. कठडा, दरी, पलीकडे डोंगर, मागे मक्याचं कणीस भाजणारा. पाचव्या पॉइंटनंतर ‘हा आपण मघाशी पाहिला ना?’ असं कोणीतरी म्हणतंच, आणि त्यात तथ्य असतं, कारण तोच प्रबळ दुसऱ्या कुशीवर वळलेला असतो. वेगळं असतं ते दोन पॉइंटांच्या मधलं रान. अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा. डोक्यावर फांद्यांचं छत इतकं दाट की भर मे महिन्यातल्या दुपारीही ऊन वाटेवर नाणी पडल्यागत तेवढंच खाली येतं. जरा गप्प राहिलं तर वर कुठेतरी खडखडाट होतो आणि तांबूस, झुपकेदार शेपटीचं शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेतं. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. घरी गेल्यावर पोरांना पुस्तकात दाखवायचा, तो इथे डोक्यावरून जातो. पण त्या वेळी सगळं कुटुंब पुढचा पॉइंट बंद व्हायच्या आत गाठायच्या घाईत असतं. पॉइंट बंद होत नसतात, हे त्यांना कोणी सांगत नाही.

चालणं टाळायची धडपड जुनी आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. १९०४ ला काम सुरू झालं आणि १९०७ ला गाडी धावली. धावली हा शब्द सढळ हाताने वापरला आहे. दोन फुटी रुळांवरून, वीसात एक अशा चढाने, वीसेक किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त घेते. २००५ च्या पुरात रूळ वाहून गेले, २०१९ ला पुन्हा तेच झालं, दोन्ही वेळा ती उशिराने का होईना परत आली. उशीर हा तिचा स्वभावच आहे.

२००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे मोटारबंदीला आणखी बळ आलं. पण या बंदीची एक बाजू विनोदी नव्हती: ज्यांना चालवत नसे त्यांना माणसंच हातरिक्षातून ओढत नेत होती. २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचं ई-रिक्षातून पुनर्वसन करा, असा आदेश दिला. हे फार आधी व्हायला हवं होतं. कोणाच्या तरी धापा ऐकत हिरवळ बघण्यात गंमत कसली?

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी मात्र दस्तुरीपासून पायीच सुटावं, ई-रिक्षातली जागा म्हाताऱ्या माणसांना सोडावी. ३८ च्या मागे लागू नये. सकाळी लवकर उठून एकटा पॅनोरमा केला तरी पुरे. जुने बूट घालावेत, पाण्याची बाटली पिशवीच्या आत ठेवावी आणि रिकामी झाली की तीच घरी आणावी. आणि परत येणाऱ्यांना अंतर विचारू नये.